कडेची भेग : चिकणमातीवरच्या एका डांबरी रस्त्याचं प्रकरण

मला बोलावलं होतं ते चौथ्या थराचा अंदाज काढून द्यायला. रस्ता एका गोदाम-संकुलाच्या आतला, ६४० मीटर लांब आणि ७ मीटर रुंद. शेवटी मालट्रक वळवायचं मोठं आवार. पाच वर्षांत त्यावर तीन वेळा डांबराचा नवा थर पडला होता. दर वेळी पहिला पावसाळा चांगला जायचा आणि पुढच्या उन्हाळ्यात डाव्या कडेपासून साधारण दोन फूट आत, कडेला समांतर, भेग पुन्हा वर यायची. देखभाल पाहणाऱ्या माणसाकडे जुने फोटो होते. दिव्यांच्या खांबांची खूण धरून ते जमिनीवर जुळवून पाहिले, तर भेग हातभरही सरकलेली नव्हती.

त्याचं म्हणणं सरळ होतं. "साहेब, मागच्या वेळी थर पातळ पडला. या वेळी दोन इंच जास्त टाकू, विषय संपवू."

या मागणीत त्याची चूक नव्हती. भेग डांबरात दिसते, म्हणून डांबरावर इलाज करावासा वाटतो. पण मला दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे भेगेची जागा. वजनानं रस्ता फाटला तर चाकाच्या पट्ट्यात जाळीसारख्या तड्या पडतात, मगरीच्या पाठीसारख्या. इथे चाक जातच नाही अशा ठिकाणी एकच लांब, सरळ भेग होती. दुसरी गोष्ट अशी की सुरुवातीचे १२० मीटर फक्त कर्मचाऱ्यांच्या गाड्या वापरत होत्या, ट्रक तिथवर येतच नव्हते. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या मोठ्या रस्ते-चाचणीतून निघालेला ढोबळ नियम सांगतो की आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची हानी सोळा पटींच्या आसपास वाढते. म्हणजे दोष वजनाचा असता तर गाड्यांचा भाग आणि ट्रकचा भाग यांत जमीन-अस्मानाचा फरक दिसायला हवा होता. भेग मात्र दोन्हीकडे तितकीच रुंद होती.

मी अंदाज दिला नाही, वर्षभर मोजमाप करायची परवानगी मागितली. ती मिळायला तीन बैठका लागल्या.

वर्षभराचं मोजमाप

भेगेच्या दोन्ही अंगांना, आठ ठिकाणी, पितळी खिळ्यांच्या जोड्या ठोकल्या आणि दर महिन्याच्या एक तारखेला व्हर्निअर कॅलिपरनं दोन खिळ्यांमधलं अंतर घ्यायचं ठरवलं. हे काम आवारातल्या माळीकाकांनी अंगावर घेतलं. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "साहेब, उन्हाळ्यात या भेगेत खुरपं मुठीपर्यंत जातं आणि पावसाळ्यात पातंसुद्धा जात नाही. हे मी कधीचं बघतोय." पुढच्या वर्षभराच्या नोंदींनी त्यांचं निरीक्षण आकड्यांत मांडलं, एवढंच. उन्हाळ्याच्या शेवटी सर्वांत रुंद जागी भेग २२ मिलिमीटर उघडी होती. पाऊस सुरू झाल्यावर दुसऱ्या महिन्याच्या नोंदीत ती ९ वर आली, पावसाळा सरताना ४ वर. लोखंडी तार आत सोडली तर ८५ सेंटिमीटरवर जाऊन टेकली. डांबर आणि खडी मिळून जाडी ३५ सेंटिमीटर. म्हणजे भेग खडीखालच्या मातीत अर्ध्या मीटरपर्यंत उतरलेली होती.

थंड प्रदेशांत डांबर स्वतः आकसतं, म्हणून भेगा हिवाळ्यात रुंदावतात. इथे कडक उन्हाळ्यात, डांबर प्रसरण पावून मऊ झालेलं असताना भेग सगळ्यांत जास्त उघडत होती. डांबर फुगत असताना भेग वाढत असेल तर तिला ओढणारा कोणीतरी दुसरा आहे.

तो कोण हे लेव्हल घेतल्यावर दिसू लागलं. रस्त्याच्या मध्यापासून दोन्ही कडांना अडीच टक्क्यांचा सारखा उतार असायला हवा होता. डावीकडे तो ४ टक्के निघाला, उजवीकडे जेमतेम १. साडेतीन मीटरच्या अर्ध्या रुंदीत याचा अर्थ असा की डावी कड सुमारे पाच सेंटिमीटर खाली बसली होती आणि उजवी तेवढीच वर आली होती. डावीकडे साडेतीन-चार मीटरवर निलगिरीची चौदा झाडं एका रांगेत, प्रत्येक पंधरा मीटरच्या आसपास उंच. उजवीकडे हिरवळ, तिच्या कडेनं कुंपणाची झुडपं आणि त्यांना रोज दोन वेळा फवाऱ्यानं पाणी. एका बाजूनं माती कोरडी ओढली जात होती आणि दुसऱ्या बाजूनं तिला पाजलं जात होतं, मध्ये रस्ता.

खड्डा

भेगेवरच आडवा खड्डा घेतला, दोन मीटर खोल. मला वाटतं, अशा प्रकरणात सगळ्या यंत्रांपेक्षा एक नीट खणलेला खड्डा जास्त सांगतो.

वर दीडशे मिलिमीटर डांबर. मूळचा ५०चा थर, त्यावर ३०, ३० आणि ४०. मधले दोन थर कुदळीच्या टोकानं उचलले तर शिवण उसवलेल्या वहीच्या पानांसारखे सुटे झाले आणि दोघांच्या मध्ये बोटाला लागेल इतकी बारीक धूळ. टॅक कोट, म्हणजे दोन थर चिकटवणारा डांबराचा पातळ फवारा, धुळीवर मारलेला होता किंवा मारलेलाच नव्हता. झाडून स्वच्छ केलेल्या जुन्या डांबरी पृष्ठावर चौरस मीटरला २०० ते ३०० ग्रॅम बाइंडर (चिकटवणारं बिटुमेन) पडला तरच थर एकमेकांना धरतात. नाहीतर दीडशे मिलिमीटरचा एक जाड थर कागदावरच राहतो, जमिनीवर तीन पातळ पापुद्रे काम करतात. डांबराखाली २० सेंटिमीटर खडी. तिची दबाई ठीक होती.

त्याखाली काळी चिकणमाती. भेगेच्या डाव्या अंगाला ती फटीफटींनी विलग झालेली, ढेकळं दगडासारखी कडक, काही ढेकळांच्या चकचकीत घासलेल्या बाजू. माती वर्षानुवर्षं फुगते आणि आकसते तेव्हा तिची ढेकळं एकमेकांवर घासून असे चकाकते पृष्ठ तयार होतात. भेगेच्या उजव्या अंगाला, जेमतेम हातभर आत, तीच माती ओलसर, अखंड, चाकूनं कापता येईल अशी. फटींमधून केसासारखी तांबूस मुळं रस्त्याखाली शिरलेली होती, खडीच्या तळाशी तर त्यांची जाळीच.

एक मीटर खोलीवरचे नमुने भट्टीत वाळवून ओलावा काढला. मध्याखाली २७ टक्के, डाव्या कडेखाली १६, उजव्या कडेखाली ३३. या तीन आकड्यांतच सगळं प्रकरण आहे. रस्त्याच्या मधोमध डांबराचं झाकण असल्यामुळे तिथल्या मातीतून वाफ निघत नाही, वरून पाणी शिरत नाही. काही वर्षांत ती एका ओलाव्यावर स्थिरावते. कडेच्या मीटर-दीड मीटरच्या पट्ट्याला मात्र ऋतू जाणवतात. स्थिर माती आणि हलणारी माती जिथे भेटतात त्या रेषेवर वरचा थर ताणला जातो आणि तिथेच तुटतो. भेग दर वेळी त्याच जागी का येते, याचं उत्तर हे.

मातीच्या चाचण्यांचे सगळे आकडे इथे देत नाही. स्वीडिश शास्त्रज्ञ ॲल्बर्ट ॲटरबर्ग यांनी १९११ साली मांडलेल्या मर्यादा अजूनही अशा मातीची पहिली ओळख करून देतात. या मातीची द्रव मर्यादा (ज्या ओलाव्याला माती वाहू लागते) ६८ निघाली, सुघट्यता मर्यादा (ज्याच्या खाली ती मळता न येता तुटते) २७, म्हणजे दोन्हींतला फरक, सुघट्यता निर्देशांक, ४१. पस्तिसाच्या वर गेला की माती फार फुगणारी समजायची. चार दिवस पाण्यात ठेवून काढलेला सीबीआर, म्हणजे भार पेलायची ताकद सांगणारा आकडा, १.८ टक्के.

पण व्यवस्थापनाला पटलं ते या आकड्यांनी नव्हे, काचेच्या दोन नळकांड्यांनी. बारीक चाळलेली, वाळवलेली तीच माती, १० ग्रॅम एका नळकांड्यात पाणी घालून आणि १० ग्रॅम दुसऱ्यात रॉकेल घालून, बैठकीच्या टेबलावर रात्रभर ठेवली. रॉकेलात माती फुगत नाही, कारण या मातीतल्या माँटमोरिलोनाइट खनिजाचे पापुद्रे पाण्याला आत घेतात, रॉकेलाला घेत नाहीत. दुसऱ्या दिवशी रॉकेलातली माती १० मिलिलिटरवर तशीच बसलेली होती आणि पाण्यातली २१ वर. मुख्य व्यवस्थापक बराच वेळ दोन्ही नळकांडी जवळ धरून बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे यावर आपण रस्ता ठेवलाय." त्यानंतर चौथ्या थराचा विषय कोणी काढला नाही.

काय करायचं, आणि कधी

पूर्ण रस्ता उखडून पुन्हा बांधणं हा पर्याय होता, पण त्याची गरज नव्हती. मधला साडेतीन-चार मीटरचा पट्टा शांत होता. ज्याला हात लावायला नको त्याला लावू नये. काम कडांचं होतं, आणि त्यातही मातीचा ओलावा वर्षभर सारखा ठेवण्याचं. चिकणमाती ओली असणं एकवेळ चालतं, कोरडी असणंही चालतं. ती आज ओली आणि उद्या कोरडी होणं रस्त्याला चालत नाही.

पहिला वाद झाडांवरून झाला. सगळ्यांचं पहिलं मत होतं, झाडं तोडा. मी ठाम विरोध केला, आणि तो केवळ झाडांच्या प्रेमापोटी नव्हता. मोठ्या झाडानं वर्षानुवर्षं सुकवलेली माती झाड गेल्यावर हळूहळू पाणी परत घेते आणि फुगत राहते, कधी कधी अनेक वर्षं. कड खाली बसण्याऐवजी वर येऊ लागते आणि मग कोणालाच कळत नाही की झाड नसताना हे का घडतंय. चौदाही झाडं ठेवली. त्यांची मुळं रस्त्याखाली येऊ नयेत आणि रस्त्याखालचा ओलावा त्यांच्याकडे जाऊ नये, यासाठी कडेनं १.८ मीटर खोल अरुंद चर घेऊन त्यात जाड प्लॅस्टिकचा अखंड पडदा उभा करायचं ठरलं. ही कल्पना नवी नाही. टेक्सासमधल्या फुगणाऱ्या मातीवर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून असे उभे पडदे वापरून पाहिले गेले आहेत.

एका बाजूची मुळं तुटली की झाड वादळात त्या अंगानं दुबळं होतं. म्हणून वृक्षतज्ज्ञ बोलावला, काही झाडांची शेंड्याकडची छाटणी केली आणि रस्त्याला सर्वांत जवळच्या दोन झाडांपाशी चर अगदी डांबराच्या कडेला भिडवून घेतला, जेणेकरून खोडापासून अंतर जास्त राहील.

दुसरा वाद वेळेचा, आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय तोच. सगळ्यांना काम उन्हाळ्यात हवं होतं. डांबरासाठी उन्हाळा सोयीचा, आवारातली ये-जाही तेव्हा कमी. पण उन्हाळ्याच्या शेवटी पडदा लावला असता तर १६ टक्के ओलाव्याची तहानलेली माती आत कोंडली गेली असती. मधल्या भागातून, पाइपांच्या गळतीतून, कुठून ना कुठून ती पाणी मिळवतेच, आणि मग पडद्याच्या आतच फुगते. पावसाच्या ऐन मध्यावर लावला असता तर उलट, भिजून फुगलेली माती कोंडली गेली असती. थांबायचं होतं ते कडेखालचा ओलावा मध्याखालच्या ओलाव्याशी जवळपास जुळेपर्यंत. पाऊस संपल्यावर साधारण पाच आठवड्यांनी डाव्या कडेचा नमुना २५ टक्क्यांवर आला, तेव्हा चर सुरू केला. तोवर रोज फोन येत होते.

उजव्या बाजूला मला सुचवलं गेलं होतं की खडीनं भरलेली निचऱ्याची चर काढा. मी ती काढली नाही. अशा चिकणमातीतून पाणी नळीकडे वाहत येत नाही, ती इतकी घट्ट असते की निचऱ्याची चर तिला रिकामी करूच शकत नाही. उलट वरचं पाणी खडीतून थेट खोल मातीत पोचवायला तीच चर वाट करून देते, विशेषतः तिचं तोंड नीट उतारावर नसेल तर. तिथे पाण्याचा उगम तोडणं हाच उपाय होता. झुडपं रस्त्यापासून दोन मीटर मागे गेली, फवाऱ्यांच्या जागी ठिबक आलं आणि वरच्या पाण्यासाठी काँक्रीटचं पक्कं गटार बांधलं. फवाऱ्यांचे व्हॉल्व्ह असलेल्या तीन पेट्या उघडल्या तर तिन्हींत पाणी साचलेलं होतं. माळीकाकांनी दोन वर्षांपूर्वी ही गळती लिहून दिली होती. रस्त्याच्या दुरुस्तीवर खर्च करताना तो कागद कोणाला आठवला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

चुना

डाव्या कडेचा १.८ मीटर रुंद पट्टा खोदला. डांबर आणि खडी काढली, खालची २५ सेंटिमीटर माती चुन्यानं स्थिर केली. चुन्यातलं कॅल्शियम चिकणमातीच्या कणांवर आधीपासून चिकटलेल्या आयनांची जागा घेतं, त्यामुळे कण एकत्र येऊन दाणेदार होतात आणि माती हातालाही चिकटेनाशी होते. पुढे महिनोन्महिने चुना आणि मातीतलं सिलिका यांची रासायनिक बांधणी चालू राहते. किती चुना, हे ठरवायला माती-चुना-पाण्याच्या मिश्रणाचा पीएच बघतात. तो १२.४ वर स्थिर होईल इतका चुना किमान लागतो. इथे तो वाळलेल्या मातीच्या वजनाच्या ५ टक्के निघाला. त्याआधी मातीतली विद्राव्य सल्फेटं तपासली, ती ०.३ टक्क्यांच्या बरीच खाली होती. ही चाचणी कधीही गाळू नये. सल्फेट जास्त असेल तर चुन्याबरोबर एट्रिंगाइट नावाचं स्फटिक तयार होतं आणि स्थिर करायला टाकलेला चुनाच रस्ता वर उचलतो.

पहिल्या साठ मीटरमध्ये आमची चूक झाली. रोटाव्हेटरच्या दोन फेऱ्या मारल्या, वरून सगळं एकसारखं राखाडी दिसलं आणि दबाईची तयारी सुरू झाली. मी एक ढेकूळ उचलून हातानं फोडलं. बाहेरून पांढरट, आत काळंभोर. फोडलेल्या बाजूवर फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकले. चुना पोचलेला असेल तिथे ते गडद गुलाबी होतात. कडेला नखाएवढी गुलाबी रेघ उमटली आणि आतला सगळा भाग तसाच काळा राहिला. म्हणजे आम्ही मातीला चुना दिला नव्हता, ढेकळांना चुना फासला होता. दबाई थांबवली. पाणी मारून माती दोन दिवस झाकून मुरू दिली, मग पुन्हा बारीक केली. दुसऱ्या वेळी त्याच जागची ढेकळं बोटांच्या चिमटीत चुरडली जात होती आणि थेंब टाकला की चुरा पूर्ण गुलाबी. पुढच्या सगळ्या लांबीत हा थेंबांचा खेळ दर पंधरा मीटरवर केला. कामगारांना चष्मे आणि हातमोजे सक्तीचे केले होते, चुना डोळ्यात गेला तर इजा गंभीर होते.

दबाई करताना ओलावा इष्टतमापेक्षा, म्हणजे माती सगळ्यांत घट्ट दबते त्या ओलाव्यापेक्षा, दोन टक्के जास्त ठेवला. अशी माती कोरड्या बाजूला जोर लावून घट्ट दाबली तर प्रयोगशाळेतला घनतेचा आकडा सुंदर येतो, पण पुढे ती पाणी शोषून जास्त फुगते. त्यावर जिओग्रिड, म्हणजे प्लॅस्टिकची मजबूत जाळी, पसरली, तिच्यावर खडी. जुन्या-नव्याच्या जोडावर प्रत्येक थर ३० सेंटिमीटरनं पायरीसारखा मागे घेतला, म्हणजे सगळे जोड एका उभ्या रेषेत येणार नाहीत. नाहीतर आपल्याच हातानं नवी भेग आखून दिल्यासारखं झालं असतं.

डांबर

दुपारी अडीचला हवेचं तापमान ४१ अंश होतं, तेव्हा रस्त्याच्या पृष्ठाचं ६३ मोजलं. साधारण बिटुमेन, म्हणजे डांबरात खडीला धरून ठेवणारा बाइंडर, पन्नाशीच्या आसपास मऊ पडायला लागतं. म्हणजे उन्हाळ्यातल्या रोजच्या दुपारी हा रस्ता आपल्या मऊ पडण्याच्या बिंदूच्या वर असतो. ट्रक वळवायच्या आवारात त्याचा परिणाम स्पष्ट होता. उभ्या ट्रकनं जागीच चाकं वळवली की पृष्ठ चिमटीत धरून पिळल्यासारखं फाटलेलं, आणि रांगेच्या जागी बोटभर खोल चाकोऱ्या.

इथे उष्ण हवा आणि चिकणमाती एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. उन्हासाठी कडक बाइंडर हवा. हलणाऱ्या मातीवर मात्र कडक बाइंडर लवकर तडकतो, त्यातून ऊन आणि हवा त्याला दरवर्षी आणखी ठिसूळ करत जातात. खड्ड्यातून काढलेला सर्वांत वरचा थर हातानं मोडला तर बिस्किटासारखा तुटत होता. दोन्ही गरजा काही प्रमाणात भागवणारा मार्ग म्हणजे पॉलिमर मिसळलेलं बिटुमेन. ते साठ अंशांच्या वर मऊ पडणारं घेता येतं आणि ताणलं तर पुष्कळसं परत येतं. आवारात आणि सरळ रस्त्यावर दोन्हीकडे तेच घेतलं. फरक केला तो दगडाच्या सांगाड्यात. आवारासाठी जाड खडीचं प्रमाण जास्त, दाणा दाण्याला टेकेल असं, आणि बिटुमेन किंचित कमी. मिश्रणातली हवेची पोकळी ४ टक्क्यांवर धरली. ती ३ च्या खाली गेली की उष्ण हवेत डांबर वर येतं आणि चाकोरी पडते, जास्त राहिली की पाणी आणि हवा आत शिरतात.

वरचे सुटे थर यंत्रानं ७० मिलिमीटर खरवडले, पृष्ठ हवेच्या झोतानं साफ केलं आणि तळहात घासून धूळ लागत नाही हे बघूनच टॅक कोट मारला. डांबर पहाटे चारला सुरू करून दहाच्या आत संपवायचो. उष्ण हवेत दबाईला भरपूर वेळ मिळतो असं वाटतं, ते अर्धंच खरं आहे. मिश्रण बराच वेळ मऊ राहतं आणि एका टप्प्यावर, ११५ ते ९० अंशांच्या दरम्यान, कधी कधी रोलरखाली दबण्याऐवजी पुढे सरकतं. बारीक आडव्या केसतड्या दिसल्या की तो टप्पा आला. तेव्हा रोलर चालवत राहिलात तर दबाई मोडते. आम्ही मुख्य दबाई त्याआधी, मिश्रण चांगलं गरम असताना उरकत होतो. प्रत्येक तुकडा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बंद ठेवला. आवारात तर दुपारी टँकरनं पाणीही मारलं, कारण आतून गरम असलेल्या नव्या डांबरावर पहिल्याच दिवशी ट्रक वळला तर त्याची खूण कायमची राहते.

तीन उन्हाळ्यांनंतर

जुनी भेग ज्या रेषेत होती तिथे आता ६४० पैकी ६२९ मीटरमध्ये काही नाही. उरलेल्या ११ मीटरमध्ये पहिल्याच उन्हाळ्यात केसाएवढी भेग आली आणि दुसऱ्या उन्हाळ्यात ३ मिलिमीटर झाली. खणून पाहिलं. आगीसाठीच्या पाण्याचा पाइप तिथे पडद्याला भेदून जातो, आणि पाइपाभोवतीची फट बंद करायची राहून गेली होती. मुळांनी ती नेमकी शोधली. रेखाचित्रात त्या जागी "पडदा पाइपाभोवती बसवणे" एवढंच मी लिहिलं होतं. कसा बसवायचा याचं चित्र मी काढून द्यायला हवं होतं.

उजव्या कडेचा फुगवटा दोन वर्षांत दोन सेंटिमीटर उतरला. पाणी तोडल्यावर तो उतरणार हे माहीत होतं आणि तिथला शेवटचा थर एक वर्ष थांबून द्यावा असं मी सुचवलं होतं. ते मान्य झालं नाही. आता तिथला उतार तीन टक्क्यांच्या वर आहे आणि गटाराच्या काँक्रीटशी डांबर एका बोटानं खाली आहे. पाणी साचत नाही, त्यामुळे सध्या त्याला हात लावायचा नाही असं ठरलं आहे.

देखभालीच्या यादीतून एक गोष्ट मी काढून टाकली. दरवर्षी वरून काळा सील कोट, म्हणजे पातळ लेप, मारायची पद्धत होती. रस्ता नवा दिसतो, पण खालच्या हालचालीवर त्याचा काडीचा परिणाम होत नाही आणि बारीक भेगा नजरेआड होतात. तो फक्त ट्रक उभे राहतात त्या जागी, डिझेल सहन करणाऱ्या प्रकारचा, ठेवला आहे, कारण डिझेलचे थेंब बिटुमेन विरघळवतात. भेगा भरायच्या तर त्या पावसाळा संपून उन्हाळा तापायच्या आधी, अर्ध्या उघड्या असताना. उन्हाळ्याच्या टोकाला पूर्ण उघडलेली भेग काठोकाठ भरली तर पावसाळ्यात ती मिटताना भरलेला रबरी मसाला वर ढकलला जातो आणि चाकांना चिकटून निघतो. ऐन पावसात भरावी तर आत ओल असते आणि जागाही नसते. त्या ११ मीटरची भेग आम्ही अशाच मधल्या काळात थोडी रुंद कापून, कोरडी करून, गरम मसाल्यानं भरली, आणि त्याच आठवड्यात पाइपाभोवती रबरी पट्टा आवळून पडदा त्याला जोडला.

पितळी खिळ्यांच्या आठपैकी सात जोड्या खरवडताना गेल्या. पाइपाजवळ एक नवी जोडी ठोकली आहे. एक तारखेची नोंद अजून माळीकाकाच घेतात आणि वहीच्या पानाचा फोटो पाठवतात. या उन्हाळ्यातल्या शेवटच्या पानावर अंतरातला फरक ०.४ मिलिमीटर आहे. त्याखाली त्यांनी स्वतःहून एक रकाना आखला आहे, जो मी कधी सांगितला नव्हता. त्यात तिन्ही पेट्यांसमोर लिहिलं आहे, "कोरडी."